फौजदारी अब्रुनुकसानीवर विधी आयोगाला निवेदन कसे पाठवावे: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

फौजदारी अब्रुनुकसानीचा कायदा बदलावा असे वाटणारे पत्रकार, माहिती अधिकार कार्यकर्ते, वकील आणि जागरूक नागरिक विधी आयोगाकडे, म्हणजे कायद्यांतले बदल सुचवणाऱ्या केंद्र सरकारच्या आयोगाकडे, निवेदने पाठवतात, पण त्यांतली बरीचशी निवेदने पहिल्याच पानावर निकामी होतात. 'भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ तातडीने रद्द करावे' अशी मागणी आजही लिहिली जाते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ते कलम लागूच होत नाही, त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आले आहे. शिवाय याच विषयावर विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८५वा अहवाल देऊन हा गुन्हा कायम ठेवावा अशी शिफारस केली आहे. या दोन्ही गोष्टींचा निवेदनात पत्ता नसेल, तर वाचणारा अधिकारी पुढचे पान कशासाठी उलटेल?

मुळात 'रद्द करा' किंवा 'ठेवा' एवढेच सांगणारे निवेदन आयोगाच्या फारसे उपयोगाचे नसते. नेमकी कोणती तरतूद, कोणत्या शब्दांत, कोणत्या अनुभवाच्या आधारे बदलावी हे सांगणारी चार पाने पुष्कळ अधिक कामाची असतात. पुढच्या पायऱ्या त्याच हेतूने आणि त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम बदलला की काम दुप्पट होते.

## १. आधी योग्य दार ठरवा

विधी आयोग कायदे करत नाही आणि कोणाच्या खटल्यात दिलासाही देत नाही. केंद्र सरकार आदेश काढून तो तीन वर्षांसाठी नेमते. सध्याच्या २३व्या आयोगाची मुदत १ सप्टेंबर २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२७ अशी आहे. सरकारने सोपवलेल्या किंवा स्वतःहून हाती घेतलेल्या विषयावर आयोग अभ्यास करतो, अहवाल केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाला देतो आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

म्हणून आपले म्हणणे आयोगाकडेच जायला हवे का, हे आधी तपासावे. संसदेत दुरुस्ती विधेयक आले असेल आणि ते स्थायी समितीकडे गेले असेल, तर निवेदन त्या समितीकडे गेले पाहिजे, तेही तिच्या जाहीर सूचनेतल्या मुदतीत. भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) हे विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचे आहेत, त्यामुळे आयोगाला पाठवलेल्या निवेदनाची एक प्रत तिकडे जाणे इष्ट. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. राज्य विधिमंडळ अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती घेऊन आपल्या राज्यापुरता बदल करू शकते, म्हणजे प्रक्रियेतल्या दुरुस्तीसाठी मुंबईतल्या विधी व न्याय विभागाचे दारही उघडे असते. या वाटेचा विचार फार कमी जण करतात, आणि महाराष्ट्रातल्या निवेदनकर्त्याने तो अवश्य करावा.

इशारा: स्वतःवर खटला चालू असेल तर त्यातला दिलासा आयोगाकडे मागू नये. त्यासाठी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज आहे. चालू खटल्यातले युक्तिवाद निवेदनात घातले, तर निवेदन वैयक्तिक तक्रार ठरून बाजूला पडते.

## २. वाचन ठरलेल्या क्रमाने करा

पहिल्यांदा कलम ३५६ पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे चार स्पष्टीकरणे आणि दहा अपवाद यांसह. वादातले निम्मे गैरसमज इथेच मिटतात. उदाहरणार्थ, 'खरे बोलणे हा गुन्हा नाही' असे सर्रास लिहिले जाते. पहिला अपवाद वाचला तर दिसते की मजकूर खरा असणे पुरेसे नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असावे लागते. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा स्वतंत्र आणि पूर्ण बचाव मानला जातो. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार कंपनी, संस्था किंवा व्यक्तींचा समूह यांचीही अब्रुनुकसानी होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी आहे. यातली समाजसेवा नव्या संहितेने आणली.

त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेची कलमे २२२ ते २२८ वाचा. या कायद्याचा खरा जाच कलम ३५६ पेक्षा या सात कलमांत जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फिर्याद बाधित व्यक्तीनेच करावी लागते (कलम २२२). फिर्यादीचा पडताळणी जबाब (न्यायालयापुढे शपथेवर दिलेला) आणि न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी यांची तरतूद कलम २२३ मध्ये आहे. आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्याआधी चौकशी सक्तीची आहे (कलम २२५), आणि प्रत्यक्ष हजेरीतून सूट कलम २२८ खाली मिळते. आरोपीला आधी ऐकण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. 'आरोपीला न ऐकताच समन्स निघते' हे वाक्य म्हणूनच नव्या फिर्यादींबाबत चुकीचे ठरते, आणि नेमके तेच अनेक निवेदनांत आढळते.

तिसरे वाचन सर्वोच्च न्यायालयाच्या सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध भारत सरकार या १३ मे २०१६ च्या निकालाचे. त्यात जुनी कलमे ४९९ व ५०० आणि त्यांची प्रक्रिया घटनात्मकदृष्ट्या वैध ठरली, प्रतिष्ठेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला गेला, आणि अब्रुनुकसानीसाठी पोलिसांत प्रथम खबर नोंदवता येत नाही किंवा दंडाधिकारी पोलिसांना तसा तपासाचा आदेश देऊ शकत नाही, हेही स्पष्ट झाले. सगळ्यांत शेवटी २८५वा अहवाल वाचावा, म्हणजे आयोगाने कोणता मुद्दा मान्य केला, कोणता फेटाळला आणि कोणत्या मुद्द्याला हातच लावला नाही, हे समासात टिपता येते. ज्याला हात लागलेला नाही तो मुद्दा मांडायला सगळ्यांत चांगली जागा.

तपासणी: जुन्या आणि नव्या कलमांची जोडी एका कागदावर लिहून ठेवा. ४९९ आणि ५०० म्हणजे ३५६; फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९९ म्हणजे २२२; २०० म्हणजे २२३; २०२ म्हणजे २२५; ४६८ म्हणजे ५१४. जुन्या घटनेचे उदाहरण देताना जुने कलम आणि मागणी करताना नवे कलम लिहावे.

## ३. एकच प्रश्न निवडा

एका निवेदनात दहा मागण्या घातल्या की एकीचाही विचार नीट होत नाही. निवडण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत: कैदेची शिक्षा काढून दंड आणि समाजसेवा ठेवणे, सत्याच्या बचावाला जोडलेली लोकहिताची अट, कंपन्यांना हे कलम वापरू द्यावे की नाही, आणि मंत्र्यांच्या वा लोकसेवकांच्या वतीने सरकारी वकिलाने थेट सत्र न्यायालयात फिर्याद करण्याची कलम २२२(२) मधली सोय. शेवटच्या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२० मध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांवरील अशा फिर्यादी रद्द करताना सरकारी वकिलाने स्वतंत्र बुद्धीने विचार करावा असे बजावले होते. तो निकाल मुद्दाम मिळवून वाचावा. एकाच वक्तव्यासाठी अनेक ठिकाणी फिर्यादी होणे हाही मोठा प्रश्न आहे. अभिनेत्री एस. खुशबू यांच्यावर एका मुलाखतीवरून २३ फिर्यादी झाल्या होत्या आणि त्या रद्द होण्यासाठी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

उदाहरणादाखल पुढे मी मुदतीचा प्रश्न घेतो, कारण तो लहान आहे, मोजता येतो आणि फारसा मांडला जात नाही. बदनामीबद्दल दिवाणी दावा करायचा तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार एक वर्षाची मुदत आहे. त्याच मजकुरासाठी फौजदारी फिर्याद करायला मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार तीन वर्षे मिळतात. एरवी कायदा फौजदारी मार्ग जास्त जपून वापरायला सांगतो, इथे उलट घडते. पैशाची भरपाई मागणाऱ्याने वर्षाच्या आत हालचाल करावी आणि तुरुंगाची शिक्षा मागणाऱ्याने तीन वर्षे थांबले तरी चालेल, याचे समर्थन करणे अवघड आहे.

## ४. पुरावा: रोजनामा वाचायला शिका

निवेदनातला सर्वांत दुबळा भाग बहुधा हाच असतो. 'हजारो पत्रकार छळले जातात' असे लिहून काही साधत नाही, कारण असा आकडा कोठून आला हे सांगता येत नाही. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे आणि त्याच्या फिर्यादी थेट न्यायालयात होतात, त्यामुळे पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीत त्यांचे खरे प्रमाण दिसत नाही. ती आकडेवारी निवेदनात वापरणे ही नेहमीची चूक आहे.

त्याऐवजी आपल्या जिल्ह्यापुरती लहान पण पक्की पाहणी करावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून 'कायदा' या पर्यायाने शोध घेता येतो. तिथे अधिनियम निवडावा, कलम लिहावे, आणि प्रलंबित व निकाली अशा दोन्ही याद्या काढाव्यात. फिर्याद दाखल करताना कलमाची नोंद कोणी '५००', कोणी '४९९, ५००' अशी करते, म्हणून प्रत्येक प्रकार वेगळा शोधावा. नव्या प्रकरणांसाठी '३५६' आणि '३५६(२)' हेही.

मग प्रत्येक प्रकरण उघडून तारखांचा तक्ता पाहावा. त्यात त्या दिवशीचा रोजनामा (न्यायालयात त्या दिवशी काय झाले याची नोंद), पुढची तारीख आणि ती कशासाठी नेमली हे दिसते. एखाद्या प्रकरणात 'पडताळणी' या एकाच कारणासाठी कितीदा तारीख पडली, समन्स बजावणीला किती महिने गेले, आरोपीच्या हजेरी माफीचे अर्ज किती झाले, फिर्यादीच गैरहजर किती वेळा राहिला, हे ओळीओळीने टिपावे. माझ्या मते निवेदनाचा कणा हाच. दूरच्या तालुक्यातल्या बातमीदाराला दर तारखेला एसटीने शंभर किलोमीटर यावे लागते की वकिलामार्फत हजेरी चालते, यावर शिक्षेपेक्षा जास्त अवलंबून असते, आणि ते रोजनाम्यातच सापडते. शेवटी प्रकरण मागे घेतले, आपसांत मिटले, फिर्यादीच्या गैरहजेरीत निकाली निघाले की पुराव्यानंतर निकाल लागला, याची चार रकान्यांत विभागणी करावी.

मुदतीच्या प्रश्नासाठी आणखी एक रकाना हवा: मजकूर प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि फिर्याद दाखल झाल्याची तारीख यांतले अंतर. प्रसिद्धीची तारीख संकेतस्थळावर नसते. ती फिर्यादीच्या सही नकलेत किंवा निकालपत्रात मिळते. निकालपत्रे संकेतस्थळावर असतील तर तिथून घ्यावीत, अन्यथा नक्कल विभागात अर्ज करावा. त्रयस्थाला नक्कल मिळण्यासाठी कारण द्यावे लागते, ते अर्जात स्पष्ट लिहावे.

इशारा: पाहणीतली नावे निवेदनात घालू नका. ज्या मजकुरावरून खटला झाला तो नावानिशी पुन्हा उतरवला तर तीही एक प्रसिद्धी ठरू शकते. प्रकरणाचा क्रमांक, वर्ष आणि तालुका एवढे पुरते.

तपासणी: पाहणी कोणत्या संकुलाची, कोणत्या तारखेला शोध घेतला, किती प्रकरणे सापडली आणि किती उघडता आली नाहीत, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे. वीस प्रकरणांची प्रामाणिक नोंद चालते, मात्र त्या वीसांवरून देशाचा निष्कर्ष काढू नये.

## ५. मसुदा तीन भागांत लिहा

सध्याची तरतूद, सुचवलेली तरतूद आणि कारण, एवढेच तीन भाग. आदराची लांबलचक प्रस्तावना, घटनेतली उद्धृते आणि स्वातंत्र्यलढ्याचे दाखले यांना जागा देऊ नये. मुदतीच्या प्रश्नाचा मसुदा असा होईल:

*सध्याची तरतूद:* नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४(२) नुसार, एक वर्षाहून अधिक पण तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या अपराधाची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे आहे. कलम ३५६ चा अपराध यात मोडतो.

*सुचवलेली तरतूद:* 'परंतु, कलम २२२ च्या पोटकलम (५) मधील मुदतीस बाधा न आणता, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील अपराधाच्या बाबतीत ही मुदत एक वर्ष असेल.'

*कारण:* दिवाणी मुदतीशी मेळ, आणि पाहणीतील उशिराने दाखल झालेल्या प्रकरणांचे प्रमाण.

हे लिहून झाले की मसुद्याला स्वतःच आडवे प्रश्न विचारावेत. 'कलम २२२(५) ला बाधा न आणता' हे शब्द कशासाठी? सरकारी वकिलाच्या फिर्यादीला आधीच सहा महिन्यांची वेगळी मुदत आहे आणि नवे वाक्य तिला चुकून वाढवू नये, यासाठी. मुदत कोणत्या तारखेपर्यंत मोजायची? कलम ५१४ च्या नव्या स्पष्टीकरणाने फिर्याद दाखल केल्याची तारीख ठरवून दिली आहे, म्हणून ते पुन्हा लिहायचे कारण नाही. कलम ५१९ खाली न्यायालय उशीर माफ करू शकते, ती सवलत या अपराधाला राहावी का? दिवाणी दाव्याला तशी सवलत नाही, तेव्हा मेळ घालायचा तर याचेही उत्तर द्यावे लागेल. मजकूर संकेतस्थळावर वर्षानुवर्षे तसाच राहिला तर मुदत पहिल्या प्रसिद्धीपासून की रोज नव्याने? या प्रश्नाला बगल दिली तर सगळी दुरुस्ती ऑनलाइन मजकुराच्या बाबतीत कुचकामी ठरेल. 'पहिल्या प्रसिद्धीपासून' असे म्हणायचे असेल तर ते तरतुदीतच लिहावे.

एका वाक्याच्या दुरुस्तीतून एवढे प्रश्न निघतात. हे प्रश्न आधी कोणी तरी सोडवून दिले तर आयोगाच्या संशोधकाचे काम हलके होते आणि निवेदन हातात राहते.

## ६. विरुद्ध बाजू तिच्याच शब्दांत मांडा

आयोगाने गुन्हा कायम ठेवण्याची शिफारस करताना प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि समाजसेवेच्या शिक्षेमुळे समतोल साधला गेल्याचे नोंदवले. याला 'आयोग सरकारधार्जिणा आहे' हे उत्तर होत नाही. ज्याची खोटी बदनामी झाली आणि ज्याला मोठे न्यायालयीन शुल्क भरून दिवाणी दावा परवडत नाही, त्याला फौजदारी फिर्याद हाच हाताशी असलेला मार्ग असतो, हा युक्तिवाद वजनदार आहे. आपली सूचना त्या माणसाचे काय करणार, हे सांगितलेच पाहिजे. मुदत एक वर्ष केली तरी खऱ्या पीडिताचा मार्ग बंद होत नाही, असे उत्तर देता येते. 'सगळा गुन्हाच रद्द करा' म्हणणाऱ्याला मात्र दिवाणी उपाय स्वस्त आणि जलद कसा होईल याची जोड द्यावी लागेल.

२०१६ च्या निकालाचा अडथळा अनेकांना वाटतो तेवढा मोठा नाही. तरतूद वैध आहे याचा अर्थ संसदेला ती बदलता येत नाही असा होत नाही. धोरण म्हणून ती हवी की नको हा प्रश्न खुलाच राहतो, आणि आयोगाचे काम त्याच प्रश्नावर आहे. इंग्लंडने २००९ च्या कायद्याने आणि श्रीलंकेने २००२ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानी रद्द केली. असे दाखले द्यावेत, पण एका परिच्छेदात.

## ७. भाषा, स्वरूप आणि पाठवणे

संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो, म्हणून निवेदन मराठीत लिहायला संकोच नको. आयोगाचे काम प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत चालते, हे ध्यानात घेऊन दोन पानांचा इंग्रजी किंवा हिंदी गोषवारा आणि सुचवलेल्या तरतुदीचे इंग्रजी शब्द सोबत जोडावेत. तरतुदीचे भाषांतर दुसऱ्यावर सोपवू नये, नाहीतर एका शब्दाने अर्थ पालटतो.

आयोगाने विषयावर जाहीर सूचना काढली असेल तर तिच्यातला पत्ता, मुदत आणि स्वरूप काटेकोरपणे पाळावे. सूचना नसतानाही सदस्य सचिवांच्या नावे निवेदन पाठवता येते. पीडीएफ एकच असावी, पानांना क्रमांक असावेत, पाहणीचा तक्ता शेवटी परिशिष्ट म्हणून यावा. टपालाने पाठवायचे तर पोचपावतीसह.

एकाच मजकुरावर शेकडो सह्या घेण्याचा मोह टाळावा. समान नागरी कायद्यावर आयोगाने १४ जून २०२३ रोजी अभिप्राय मागवले तेव्हा लाखो प्रतिसाद आले. एवढ्या ढिगात साच्यातले पत्र हजारदा आले तरी त्यातला मुद्दा एकच असतो. पाच जणांनी पाच तालुक्यांच्या पाच पाहण्या पाठवल्या तर पाच वेगळे पुरावे होतात.

तपासणी: पाठवण्याआधी ज्याला या विषयाचा गंध नाही अशा व्यक्तीला फक्त पहिले पान वाचायला द्या. कोणता शब्द बदलायचा आहे, हे तिला सांगता आले नाही तर पहिले पान पुन्हा लिहा.

## ८. पाठवल्यानंतर

पोच आली नाही तर महिन्याभराने एकच स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्कासह, आयोगाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात 'माझी सूचना का स्वीकारली नाही' असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण कारणे तयार करून देणे या कायद्यात बसत नाही. निवेदनाचा आवक क्रमांक व दिनांक, ते कोणाकडे सोपवले, त्यावरील टिपणीची प्रत, आणि २८५व्या अहवालावर विधी मंत्रालयाने कोणत्या मंत्रालयाकडे काय कळवले त्या पत्रव्यवहाराची प्रत, अशा अस्तित्वात असलेल्या कागदांचीच मागणी करावी.

आयोगाची मुदत संपली की निवेदन आपोआप पुढच्या आयोगापुढे जाईल असे धरून चालू नये. ३१ ऑगस्ट २०२७ नंतर नवा आयोग नेमला गेला, तर त्याच्याकडे रोजनाम्याची आकडेवारी अद्ययावत करून, मधल्या काळातले निकाल जोडून आणि जुना आवक क्रमांक पहिल्याच ओळीत देऊन निवेदन नव्याने दाखल करावे.